चौसष्ट नंबरचा कोट

काकूंचा जगात एकाच गोष्टीवर भरवसा होता, आणि ती म्हणजे कॉलर. माणूस खोटं बोलेल, आरसा तोंडदेखलं बोलेल, पण मळलेली कॉलर कधी थाप मारायची नाही, असं त्या म्हणत. तीस वर्षं लाँड्री चालवल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

शहरातल्या दवाखान्यांचे पांढरे कोट त्यांच्याकडे धुवायला येत. आधी ते एका कंपनीच्या गोदामात जमा व्हायचे आणि तिथून मंगळवारी नि शुक्रवारी मोठमोठ्या टोपल्यांतून काकूंच्या दारात उतरायचे. कोटांवर नावं नसत, कॉलरच्या आत शिवलेल्या पट्टीवर फक्त नंबर असे. कोणता नंबर कोणाचा, याचा ताकास तूर कंपनीचा मॅनेजर लागू देत नसे. नियमात बसत नाही म्हणे. काकूंनाही त्याची गरज नव्हती. बारा नंबर चहा घाईने पितो आणि छातीवर सांडतो. सदतीस नंबर लहान मुलांचा डॉक्टर, त्याच्या बाह्यांना सशांचे नि हत्तींचे स्टिकर चिकटलेले असतात. नव्वद नंबर दिवसभर खुर्चीतून उठत नाही, त्याचा कोट पुढून कोरा करकरीत आणि मागून झिजून जाळी झालेला. एवढी ओळख असल्यावर नावं हवीत कशाला?

चौसष्ट नंबर मात्र त्यांच्या डोक्यात बसला होता. त्याच्या वरच्या खिशाला कायम निळी शाई. उजवा खिसा आतून पिवळाधमक, आणि तो पिवळा रंग उकळून, घासून, उन्हात वाळवूनही जायचा नाही. दोन तरी बटणं बेपत्ता. खालचा काठ तर बघवत नसे, बरोबर गुडघ्यांच्या जागी माती, ग्रीस, आणखी काय काय.

"हा माणूस दवाखान्यात काम करतो की रस्त्यावर रांगतो?" काकू विचारत.

चार वर्षांपूर्वी त्यांनी एका धुतलेल्या कोटाला सेफ्टी पिनेने चिठ्ठी लावून पाठवली होती: 'खिशात पेन ठेवू नये.' पुढच्या टोपलीतून त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर आलं, 'क्षमस्व', आणि खिशात पेन. मग काकूंनी लिहिलं, 'खिशात पेन ठेवू नये. दुसऱ्यांदा सांगते.' तिथून जे युद्ध पेटलं ते आता चिठ्ठ्यांची चाळिशी ओलांडून गेलं होतं. उत्तरं तेवढी वेळेवर यायची. 'पेशंट घाईत होता.' 'ते पेन नव्हतं, थर्मामीटर होता.' एकदा तर, 'आजचं पेन दुसऱ्याचं होतं.' पालथ्या घड्यावर पाणी. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं की चौसष्ट नंबर म्हणजे आईने लाडावून ठेवलेला, बिनलग्नाचा, गबाळा पोरगा असणार.

"माणूस वाईट नाही गं तो," त्यांचे यजमान म्हणायचे.

"वाईट कोण म्हणतंय? घाणेरडा म्हणतेय मी."

यजमानांना सगळी गल्ली पैलवान म्हणायची. कुस्ती ते आयुष्यात खेळले नव्हते, पण अंगाने दाराएवढे होते. वाफेच्या इस्त्रीचं मोठं यंत्र तेच चालवत. त्याचा तो फस्स आवाज दिवसभर घरात असे, आणि काकूंना तो भिंतीवरच्या घड्याळासारखा सवयीचा होता. गेल्या महिन्यात मात्र तो आवाज एकदा मध्येच थांबला.

लाँड्रीच्या मागच्या अंगणात पाणी असतं, आणि पाण्यावर गांधीलमाश्या येतात. त्यातली एक पैलवानांच्या मनगटाला डसली. लहानपणी त्यांना अशा दहा माश्या डसल्या होत्या आणि काही झालं नव्हतं. या वेळी ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळत गेला आणि एवढा मोठा माणूस यंत्राला टेकून खाली बसला. टॅक्सीने मोठ्या हॉस्पिटलात पोचायला चाळीस मिनिटं लागली. नशीब बलवत्तर म्हणून वाचले.

"या वेळी चाळीस मिनिटं मिळाली," तिथल्या डॉक्टरांनी निघताना बजावलं. "पुढच्या वेळी मिळतीलच असं नाही. घराजवळचा इमर्जन्सीचा डॉक्टर शोधून ठेवा. तुमचं सरकारी विम्याचं कार्ड चालतं ना, ते आधी विचारा. नाहीतर दारातच अडकाल."

घरी ठेवायचं इंजेक्शनही त्यांनी लिहून दिलं, पण ते मागवून यायला सहा आठवडे लागणार होते. गांधीलमाश्या काही सहा आठवड्यांची रजा घेणार नव्हत्या. तेव्हापासून यंत्राचा आवाज जरा थांबला की काकू हातातलं टाकून धावत. पैलवान तिथे उभे राहून नाक शिंकरत असायचे.

"अगं, मला शिंकरू तरी देशील की नाही?"

काकू काही बोलत नसत. त्यांना फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्यांना बोलता येत नसे. एरवी तेवढं एकच काम त्यांना न शिकवता येत होतं.

त्या विमा ऑफिसात गेल्या. खिडकीतल्या साहेबाने त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला, त्याची खालची पिवळी चिठ्ठी फाडून त्यांच्या हातात दिली आणि सोबत एक छापील यादी दिली: कार्ड चालणारे, तातडीची सेवा देणारे, तुमच्या भागातले डॉक्टर. एकूण सात.

"चिठ्ठी जपा," साहेब म्हणाला. "हा पिवळा कागद फक्त आमच्याकडेच वापरतात. कार्डावर उपचार केले की डॉक्टरलासुद्धा प्रत्येक पेशंटमागे अशीच चिठ्ठी फाडून ठेवावी लागते."

"आणि यादी ताजी आहे ना?"

"एकदम ताजी."

"कधीची?"

"छापली तेव्हाची."

काकूंनी घरी येऊन फोन लावायला घेतले. पहिल्या नंबरवर एका बाईंनी पडदे किती लांबीचे हवेत असं विचारलं. दवाखाना जाऊन तिथे पडद्यांचं दुकान आलेलं होतं. दुसरे डॉक्टर निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, हल्ली ते फक्त गुलाबांना औषध मारतात. तिसऱ्या ठिकाणी पहिल्या घंटेला फोन उचलला गेला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला.

"हो, कार्ड चालतं. इमर्जन्सीही बघतो. अपॉइंटमेंट घ्यावी लागेल. पुढचा गुरुवार चालेल?"

"माशीला विचारून सांगते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

चौथ्या ठिकाणी कार्ड चालायचं, पण फक्त सर्दीखोकल्याला. पाचवा फोन दोन दिवसांत अकरा वेळा लावला तरी कोणी उचलला नाही. काकूंनी त्या नावावर रागाने काट मारली, कागद फाटेपर्यंत. सहाव्या ठिकाणचे डॉक्टर परदेशी गेलेले. आणि सातवं म्हणजे तेच मोठं हॉस्पिटल, चाळीस मिनिटांवरचं. काकूंच्या नाकी नऊ आले. त्या संध्याकाळी त्यांनी पैलवानांना अंगणात जायची बंदी केली आणि पाण्याची पिंपं स्वतः ओढायला घेतली.

आता घडलं ते असं, की सोमवारी काकूंनी धुण्याचं यंत्र उघडलं आणि त्यातून त्यांचाच एप्रन बाहेर आला. खिसा पिवळाधमक. आत पिवळ्या कागदाचा लगदा.

हे साधंसुधं प्रकरण नव्हतं. लाँड्रीत शिरताच समोर पाटी होती: 'आधी खिसे तपासा.' ती काकूंच्याच हातची. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक तिकीट, एक रुमाल, एक टाचणी कधी यंत्रात गेली नव्हती. आणि आज स्वतःचाच खिसा. पैलवानांना असा आनंद झाला की त्यांनी इस्त्री बंद केली.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," ते म्हणाले. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी एक कागद घेतला, त्यावर सावकाश लिहिलं आणि तो सेफ्टी पिनेने एप्रनला लावला: 'खिशात कागद ठेवू नये. पहिल्यांदा सांगतो.'

काकू हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हसता हसताच त्यांनी एप्रनचा खिसा डोळ्यांजवळ ओढला.

"काय झालं?"

"हा पिवळा," काकू म्हणाल्या. "अहो, हा पिवळा मला माहितेय."

त्या आत गेल्या. धुतलेले कोट मंगळवारी परत जायला दांडीवर टांगलेले होते. त्यांनी चौसष्ट नंबर काढला, त्याचा उजवा खिसा उलटा केला आणि एप्रनच्या खिशाशेजारी धरला. सख्खे भाऊ. चार वर्षं त्या डागाला त्या कसलंतरी मलम समजत होत्या. मलम कुठलं? विमा ऑफिसच्या चिठ्ठ्या होत्या त्या, ओल्या हातांनी मूठ मूठ खिशात कोंबलेल्या आणि कोट धुवायला टाकताना काढून घेतलेल्या.

"म्हणजे याच्याकडे कार्ड चालतं," पैलवान म्हणाले.

"थांबा. उगीच घाई नको."

काकूंनी दांडीवरचे सगळे कोट तपासले. पिवळे खिसे आणखी दोघांचे निघाले. एक सदतीस नंबर, मुलांचा डॉक्टर. दुसरा नव्वद नंबर, खुर्चीतून न उठणारा. मग त्यांनी परत चौसष्ट नंबर हातात घेतला आणि खालचा काठ बोटांनी चाचपला. धुऊनही तिथलं कापड विरलेलं होतं.

"खाटेवरच्या पेशंटला बघायला कोणी गुडघे टेकतं का?" त्या हळूच म्हणाल्या. "जमिनीवर पडलेल्या माणसासाठीच टेकावे लागतात. आणि बटणं काय उगाच तुटतात? वेळच नसेल हो याला. मी आपली चार वर्षं याला घाणेरडा म्हणतेय."

त्यांना खरोखर लाज वाटली. आपली विद्या आपल्याच डोळ्यांवर बांधून बसलो होतो, असं त्यांना वाटलं. डाग काढायच्या नादात तो डाग काय सांगतोय ते एकदाही विचारलं नव्हतं.

मॅनेजरला फोन करण्यात अर्थ नव्हता, नियम आडवा आला असता. पण टपाल होतंच की, चार वर्षं बिनचूक चालणारं. काकू चिठ्ठी लिहायला बसल्या. एरवी एका दमात हुकूम सुटायचा, आज पाच कागद फाडले. शेवटी जमलं ते असं: 'खिसा पिवळा का होतो ते आज कळलं. माझ्या घरी गांधीलमाशी चावली तर जिवावर बेतेल असा माणूस आहे. आमच्याकडे सरकारी कार्ड आहे. आपण कुठे बसता?'

पैलवानांनी वाचलं. "पेनाबद्दल काहीच नाही?"

"या वेळी राहू दे."

मंगळवारी कोट गेला. बुधवार आणि गुरुवार काकूंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. शुक्रवारी टोपली आली तेव्हा त्यांनी ती सरळ फरशीवर उपडी केली आणि ढिगात हात घालून चौसष्ट नंबर ओढून काढला. खिशात पेन होतं. पेनाला गुंडाळलेली चिठ्ठी होती. 'टायरच्या दुकानाशेजारी, निळं दार. चोवीस तास. कार्ड चालतं. आजच या. (पेन चुकून.)'

टायरचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. निळ्या दारावरून त्या रोज भाजी आणायला जात. दाराची पाटी रचलेल्या टायरांमागे झाकलेली, आणि पुढे जी अँब्युलन्स उभी असे ती टायर बदलायला येते, असा त्यांचा आपला समज. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

दोघं लगेच निघाले. पैलवानांनी स्वतःच्या हाताने कडक इस्त्री केलेली पँट घातली, घडी अशी की भाजी चिरावी. पहिल्यांदाच भेटायला जायचं तर नीट जावं, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी कार्ड मुठीत धरलं होतं. ऊन स्वच्छ होतं, रस्ता ओळखीचा होता, आणि काकू पुन्हा बोलायला लागल्या होत्या. "तरुण मुलगा असणार. मी काही ओरडणार नाही त्याला. फक्त म्हणेन, बाळा..."

टायरच्या दुकानाबाहेर पाण्याने भरलेलं एक घमेलं असतं. त्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात. पाणी आलं की गांधीलमाशी आलीच. निळं दार आठ पावलांवर असताना पैलवान थांबले आणि त्यांनी मानेवर हात मारला.

"अगं," ते म्हणाले.

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हजारदा अगं म्हटलं असेल. हे तसलं नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आठ पावलं धावत जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं.

दार उघडून एक पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या. आखूड पिकलेले केस, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, उघडा कोट. त्यांनी एक नजर रस्त्यावर टाकली, आतून पेटी घेतली आणि पैलवानांपाशी पोचून घमेल्यातून सांडलेल्या काळ्या पाण्यात सरळ गुडघे टेकले.

"काय चावलं?"

"गांधीलमाशी. मागच्या महिन्यातही..." काकूंनी कार्ड पुढे केलं. "कार्ड आहे आमच्याकडे, सरकारी..."

"कार्ड नंतर. आधी यांचा हात धरा."

काकूंनी हात धरला. डॉक्टरांनी कडक इस्त्रीच्या पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं, पैलवानांना आडवं केलं आणि पाय उंच करायला सांगितलं. टायरवाल्याने न सांगता एक टायर आणून पायांखाली सरकवला. वाकताना डॉक्टरांचं एक बटण तुटून घमेल्यात पडलं. वरच्या खिशातलं पेन गळायला लागलं होतं, निळा ठिपका मोठा मोठा होत होता. काकू त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या, कारण नवऱ्याच्या सुजलेल्या ओठांकडे बघवत नव्हतं. मग हातातला हात जरा सैल पडला, छाती नीट वरखाली व्हायला लागली, आणि पैलवानांनी डोळे उघडले.

"पँटची घडी मोडली," ते म्हणाले.

काकू रस्त्यात, टायरवाल्यासमोर, मोठ्याने रडल्या.

पुढचे काही तास पैलवान निळ्या दाराआड खाटेवर होते, नळी नाकाला. डॉक्टर मधूनमधून येऊन बघून जात. एकदा आल्या तेव्हा त्यांनी कार्ड घेतलं, फॉर्म भरला, खालची पिवळी चिठ्ठी फाडली आणि सवयीने उजव्या खिशात कोंबली. काकूंची नजर खिशाबरोबर खाली गेली. डॉक्टर थांबल्या.

"तुम्हीच का 'एकेचाळिसाव्यांदा सांगते'?"

"आणि तुम्ही चौसष्ट," काकू म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पोरगा असेल कोणी, बिनलग्नाचा."

"दोन नातवंडं आहेत मला," डॉक्टर म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की पैलवानांनी नळी सांभाळत मान वर केली.

बाहेरच्या टेबलावर फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला, परत वाजला. उचलायला कोणी मोकळं नव्हतं. काकूंनी पिशवीतून यादी काढली. पाचवं नाव, पत्ता टायरच्या दुकानाशेजारी. घाईत त्यांनी फक्त नंबर फिरवला होता, पत्त्याची ओळ वाचायचीच राहिली होती.

"तुमचं नाव खोडलं हो मी. फोन उचलत नाही म्हणून."

"उचलायला हात रिकामा लागतो," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

निघताना त्यांनी आपल्या कपाटातलं एक इंजेक्शन घरी ठेवायला दिलं, ते मांडीत कसं द्यायचं हे काकूंकडून तीनदा करून घेतलं आणि आधी टोचायचं, मग निळ्या दाराशी यायचं, हे बजावलं. टायरवाल्याने घमेलं आत नेऊन ठेवलं होतं. पैलवान त्याला म्हणाले, "माशीलाही कार्ड चालणारीच जागा सापडली बघ."

मंगळवारी टोपली आली. चौसष्ट नंबरचा कोट वरच होता, गुडघ्यांपाशी टायरच्या पाण्याने काळाकुट्ट. पिनेला चिठ्ठी होती: 'हा डाग तुमच्या घरचा. आता कसे आहेत?'

काकूंनी तो कोट यंत्रात टाकला नाही. हाताने धुतला. काळं गेलं, निळं गेलं, पिवळं त्यांनी घासलंच नाही. वाळल्यावर त्यांनी सगळी बटणं दुहेरी दोऱ्याने शिवली आणि विरलेल्या काठाला आतून पट्टी लावली. पलीकडे यंत्राचा फस्स आवाज एका लयीत चालला होता.

"पेनाची बेचाळिसावी लिहितेस ना?" पैलवानांनी आतून विचारलं. "काय लिहितेस?"

काकूंनी चिठ्ठी कोटाला लावली आणि पीन नीट बंद झाली ना ते बघितलं. 'बरे आहेत. इस्त्री करताहेत. खिशात पेन राहिलं तर राहू दे. शाई मी काढीन.'